प्रकल्प नोंदी: हॅचबॅकच्या मागच्या ड्रमच्या जागी डिस्क (नागपूर, मार्च ते ऑगस्ट 2024)

गाडी: पुढच्या चाकांना ओढ असलेली 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) असलेली. पुढे 256 मिमीची व्हेंटिलेटेड डिस्क, 54 मिमी पिस्टन. मागे 200 मिमीचे ड्रम, शूला ड्रमवर ढकलणारे 19.05 मिमीचे व्हील सिलिंडर. ड्रायव्हर धरून वजन 1060 किलो, वजनकाट्यावर करून घेतलेलं. पुढच्या ॲक्सलवर 60 टक्के.

मागचा सेट: याच प्लॅटफॉर्मच्या वरच्या व्हेरिएंटचा. 232 × 9 मिमीची सरळ डिस्क, 38 मिमी पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा), हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या पोटातच. पार्ट नंबर इथे दिलेले नाहीत. एकाच मॉडेलला दोन तऱ्हेचे स्टब ॲक्सल (मागचं चाक ज्यावर बसतं तो छोटा दांडा) येतात, तेव्हा नंबर आपापल्या चेसिस नंबरवरूनच काढावेत.

31 मार्च

काही बदलायच्या आधी आहे ते मोजलं. डावा ड्रम 200.4 मिमी, उजवा 200.7, आणि उजव्यात 0.2 मिमीचा अंडाकार. ड्रमवर कोरलेली मर्यादा 201. उजव्या सिलिंडरचं रबर उचललं की खाली ओल दिसते, शूच्या लायनरच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या थराच्या) कडेला तेलाचा काळा डाग. ॲडजस्टरची पाचर दोन्ही बाजूंना गंजून जाम झालेली, म्हणजे शू आपोआप जवळ यायचं केव्हाच थांबलेलं. हँडब्रेक नवव्या टकटकीला धरतो.

ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसली.

60 ते 0 चाचणी, 10 हर्ट्झच्या जीपीएस लॉगरवर, बेसा भागातल्या रिकाम्या लेआउटच्या कोरड्या सिमेंट रोडवर: पाच वेळांची सरासरी 18.8 मीटर.

हा आकडा डिस्कशी तुलना करायला निकामी आहे. बरेच जण इथेच फसतात. मेलेल्या ड्रमची तुलना कोऱ्या डिस्कशी करतात आणि सांगत सुटतात की डिस्कने गाडी दीड मीटर आधी थांबली. म्हणून आधी ड्रमच धड करायचे.

7 एप्रिल

ड्रमची पूर्ण दुरुस्ती. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याने ड्रम लावून पाहिले. डावा 200.6 ला साफ होतो, उजवा 200.9 ला. उजव्यात पुढे 0.1 मिमी उरणार आणि दोन बाजूंचा व्यास वेगळा राहणार. त्यापेक्षा नवी जोडी घेतली. शू 1,600, सिलिंडरची जोडी 1,700, स्प्रिंग-किट 600, ड्रम 4,200. एकूण 8,100 रुपये.

पाचर ब्रशने घासून, बॅकप्लेटवर शू जिथे टेकतो त्या सहा जागी उष्णता झेलणारं ग्रीस अगदी नखाएवढं. जास्त लावलं तर ते लायनरवर जातं. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली, हँडब्रेक आता चौथ्या टकटकीला.

14 एप्रिल

नवे शू 300 किमी चालवून बसवले. तोच रस्ता, तेच टायर, टायरमध्ये हवा 32 पीएसआय. 17.4, 17.1, 17.3, 17.0, 17.2. सरासरी 17.2 मीटर. खरी आधाररेषा ही.

मग ताप चाचणी: 80 वरून 20 पर्यंत लागोपाठ दहा ब्रेक. शेवटी ड्रमच्या बाहेरच्या पृष्ठभागावर 148 अंश आणि पेडल सुरुवातीपेक्षा सुमारे 15 मिमी खाली. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, शूला तेवढं जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून पेडल खाली जातं. ब्रेक ऑइल उकळल्याने पेडल जातं ते वेगळं, त्यात ते स्पंजी लागतं. इथे पेडल घट्टच होतं, फक्त खोल गेलेलं.

डिस्क लावायचं मुख्य रास्त कारण या गाडीला हे सापडतं. दुसरं म्हणजे पॅड किती उरले ते चाक काढताच दिसतं, ड्रम ठोकत बसावं लागत नाही. थांबायचं अंतर कमी होईल ही अपेक्षा ठेवलेली नाही. ते टायर आणि पुढचे ब्रेक ठरवतात.

20 एप्रिल

कागदावरचा हिशेब. व्हीलबेस 2.45 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 0.53 मीटर धरला. 0.8 जी ने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) ब्रेक मारला की 1060 × 0.8 × 0.53 ÷ 2.45 म्हणजे 183 किलो भार मागून पुढे सरकतो. मागे उभ्या गाडीत 424 किलो, ब्रेक मारताना उरतात 241. म्हणजे 23 टक्के. पाऊस असेल आणि ओल्या सिमेंटवर 0.5 जी च मिळत असेल, तर भार कमी सरकतो आणि मागे 29 टक्के राहतात.

आता ब्रेकची ताकद, 10 बार दाबाला एका चाकावर किती वळण-जोर मिळतो ते. पुढची डिस्क: साधारण 183 न्यूटन मीटर. मागचा ड्रम: सिलिंडरचं क्षेत्रफळ 285 चौरस मिमी, पुढचा शू स्वतःला ओढून घेतो म्हणून 2.3 चा गुणक, त्रिज्या 100 मिमी, मिळतात 65. मागची डिस्क, पॅडचा घर्षणांक 0.38 धरला तर: पिस्टन 1134 चौरस मिमी, दोन बाजू, प्रभावी त्रिज्या 97 मिमी, मिळतात 84.

म्हणजे मागचा वाटा ड्रमला 26 टक्के, डिस्कला 31. हा फरक डोक्यात ठेवून पॅड घ्यायचे होते. प्रत्यक्षात काय घेतलं ते 19 मेच्या नोंदीत आहे.

पेडलच्या प्रवासाची काळजी नाही. ड्रमच्या दोन पिस्टनना मिळून सुमारे 570 घन मिमी तेल लागतं, कॅलिपर 0.4 मिमी सरकला तर 454. मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइलवर दाब देणारा) तोच चालतो. फार जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनला उरलेला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवला तर डिस्कवर पॅड कायम घासत राहतात. या गाडीत तो नाही.

एबीएस नसलेल्या गाडीवर हे काम करणाऱ्याने मागच्या लाइनचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह कुठला आहे ते आधी बघावं. ॲक्सलला जोडलेल्या दांडीवर चालणारा असेल तर त्याची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

27 एप्रिल

भंगारातून सेट आला: दोन कॅलिपर, कॅरियर (कॅलिपर धरणारी चौकट), स्टब ॲक्सल, धूळपत्रे. 14,000 रुपये. कॅलिपर घेताना तीन गोष्टी बघितल्या. पिस्टनच्या क्रोमवर खड्डे आहेत का, गाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) हाताने सरकते का, आणि हँडब्रेकचा लिव्हर सोडल्यावर थेट स्टॉपवर जाऊन टेकतो का. तिसरी कोणी बघत नाही आणि नडते तीच.

डाव्याचा लिव्हर स्टॉपच्या 4 मिमी आधी थांबतो. असा कॅलिपर लावला तर हँडब्रेक सोडूनही ब्रेक थोडा लागलेला राहतो, डिस्क निळी पडते आणि पॅड महिन्या-दोन महिन्यांत संपतात.

28 एप्रिल

कॅलिपर उघडले. या जातीचा पिस्टन सरळ ओढून येत नाही, आतल्या स्क्रूवर बसलेला असतो. दोन खाचांत टूल घालून उलटा फिरवत बाहेर आणायचा आणि स्क्रू सुटला की हवेचा हलका दाब द्यायचा. तोंडासमोर लाकडी फळी. परत आत घालताना सुलटा फिरवत, बरोबर दाबत. सी-क्लॅम्प लावून नुसता दाबला तर आतली ॲडजस्टर यंत्रणा मोडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

डाव्याच्या लिव्हरच्या शाफ्टवर सील फाटलेला, आत मातीचा लगदा. गंजतेल मारून दोन दिवस ठेवला असता तर लिव्हर सुटला असता, पण माती आतच राहिली असती. शाफ्ट काढला, 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, नवा सील. आता लिव्हर बोटाने ढकलून सोडला की टक आवाज करून स्टॉपवर बसतो.

सील-किट 1,100. सील लावताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबराला चालणारं असेंब्ली पेस्ट. साधं पेट्रोलियम ग्रीस या रबराला फुगवतं. गाइड पिनला सिलिकॉन ग्रीस. आपल्याकडे सगळीकडे एकच लाल ग्रीसचा डबा फिरतो, इथे तो दूर ठेवावा.

4 मे

मोठं काम. सकाळी सहाला सुरुवात, कारण अकरानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागे जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. विटांवर गाडी ठेवायची नाही, वीट भार घेताना काही न सांगता फुटते.

लाइन सोडण्याआधी पेडल सुमारे 50 मिमी दाबून सीटच्या कडेला काठी अडकवली. त्याने मास्टर सिलिंडरचं वरचं छिद्र बंद होतं, टाकीतलं ऑइल खाली गळत राहत नाही आणि एबीएस ब्लॉकमध्ये हवा शिरत नाही. एकदा तिथे हवा गेली की स्कॅनरने पंप चालवून काढावी लागते. काठीमुळे ब्रेकलाइट जळत राहतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह सोडली.

पाइपचा नट 11 मिमीचा. इथे फ्लेअर-नट पानाच हवा, एका बाजूने फटीचा. साध्या दोन तोंडी पान्याने उजव्या बाजूच्या नटाचे कोपरे घसरायला लागले. वेळेवर थांबलो. गंजतेल, वीस मिनिटं, मग फ्लेअर पाना, सुटला. घसरला असता तर 4.75 मिमीचा पाइप मागपासून पुढपर्यंत बदलण्याची वेळ. पाइपच्या टोकाचा आकारही बघून घ्यावा: बुडबुड्यासारखा गोल की दुहेरी घडीचा. एकाच्या जागी दुसरा घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली झिरपतो.

स्टब ॲक्सलचे चार बोल्ट, मूळचे लॉकिंग गोंद लावलेले. डाव्याचे तीन आले, चौथा नाही. हीट गनने बोल्टभोवती पाच मिनिटं, मग दांडी लावून. गॅस टॉर्च मारायची नाही, शेजारी एबीएस सेन्सरची वायर आणि बीमचं (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं) रबर बुश आहे. नवे बोल्ट, 60 न्यूटन मीटर.

बीमचा स्टब ॲक्सल टेकतो तो भाग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ. ड्रम आणि डिस्कचे स्टब ॲक्सल शेजारी ठेवले की फरक कळतो. डिस्कवाल्यावर कॅरियरचे दोन कान आहेत, ड्रमवाल्यावर नाहीत. वेल्डिंगने कान जोडून देणारे आहेत. असं काम ब्रेकवर करू नये.

हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) नवे, बेअरिंगसकट, जोडी 7,600. हबचा नट एकदाच वापरायचा, 175 न्यूटन मीटर.

एबीएसच्या रिंगचे दात मोजले: जुन्यावर 43, नव्यावर 43. दात वेगळे असते तर कंट्रोलरला मागची चाकं वेगळ्याच वेगाने फिरताना दिसली असती. काही हबमध्ये दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, त्यावर जुन्या पद्धतीचा सेन्सर चालत नाही. विकत घेण्याआधी हे बघावं, लावल्यावर नाही.

5 मे

डिस्क बसवली, फिरताना ती किती डोलते ते मोजायला डायल गेज लावलं. डावी 0.04 मिमी, उजवी 0.11. एवढं डोलणं सुरुवातीला पायाला जाणवत नाही. दोन-तीन हजार किमीनंतर डिस्क एका जागी जास्त झिजते आणि मग पेडल थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात.

डिस्क काढून हबच्या तोंडावर निळं मार्किंग लावलं, परत बसवून काढली. एका जागी ठिपका. डिस्कला कंपनीने मारलेल्या गंजरोधक थराचा ओघळ हबला टेकणाऱ्या भागावर वाळलेला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. थिनरने पुसला. आता 0.03. डिस्कवरचं तेलकट आवरण क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुतलं.

कॅरियरचे बोल्ट 65 न्यूटन मीटर, गाइड पिनचे 35, होजचा (रबरी ब्रेक नळीचा) बँजो बोल्ट 35 आणि दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. होज लावताना त्यावरची पांढरी रेघ सरळ राहिली पाहिजे, पीळ पडला तर रेघ फिरते. चाक पूर्ण लटकवून आणि बीम जॅकने पूर्ण वर उचलून दोन्ही टोकांना होज ताणत नाही, घासत नाही, हे बघितलं.

हँडब्रेकच्या केबल डिस्कवाल्याच हव्यात, जोडी 3,600. जुन्या ड्रमच्या केबल लांबीला जवळपास सारख्या, पण टोक वेगळं. केबल सायलेन्सरपासून दूर, मूळ क्लिपांतून.

6 मे

हवा काढली आणि पेडल स्पंजीच. दुसऱ्यांदा, तरी स्पंजी. कारण समोर होतं: निपल (हवा सोडायचं तोंड) खाली, होज वर. डावा कॅलिपर उजवीकडे गेलेला. दोन्ही बाजूंना तो बिनबोभाट बसतो, पॅडही बसतात, लिव्हरला केबलही ओढूनताणून लागते. फक्त हवा वर अडकून राहते, ती कितीही पंप केलं तरी निघत नाही. बाजू बदलल्या.

आता कॅलिपर कॅरियरवरून सोडून निपल सगळ्यात वर येईल असा हातात धरला, पॅडच्या मध्ये 9 मिमीची लोखंडी पट्टी, रबरी हातोडीने हलके ठोके. हँडब्रेकच्या यंत्रणेभोवती बुडबुडे चिकटून बसतात, ते ठोक्याने सुटतात. क्रम मॅन्युअलचा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. डॉट 4 ब्रेक ऑइल, दोन अर्ध्या लिटरचे डबे मिळून 650 रुपये. उघडा राहिलेला डबा वापरायचा नाही. डॉट 4 चा उकळबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश, पाणी शोषलेल्याचा किमान 155. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, नावावरून पुढचं पाऊल वाटतं म्हणून घालायचं नाही, एबीएस असलेल्या गाडीत तर नाहीच.

पेडल तळापर्यंत दाबायचं नाही, खाली दोन इंची लाकडी ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोज न वापरलेल्या शेवटच्या भागात गाळ आणि गंज असतो. सील तिथे नेलं की फाटतं आणि दोष नव्या कॅलिपरला जातो.

मग हँडब्रेक. आधी पाय ब्रेक चाळीसेक वेळा साधारण जोराने, केबल ढिली ठेवून. आतला ॲडजस्टर स्वतःची जागा घेतो. त्यानंतर केबल एवढीच ताणली की लिव्हर स्टॉपवरून 1 ते 1.5 मिमी सुटेल. उलटा क्रम केला, म्हणजे आधी केबल ताणली, तर ॲडजस्टर कधीच पुढे येत नाही.

14 इंची लोखंडी रिम आणि कॅलिपरमध्ये 5 मिमी जागा. फिरवून बघितलं तर खर्र आवाज. रिम नाही, आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन घासत होतं. ते काढून बाहेरच्या कडेला क्लिपचं वजन लावून घेतलं.

12 मे

पॅड बसवणं. 60 वरून 20 पर्यंत मध्यम जोराचे तीस ब्रेक, मधे अर्धा-पाऊण किलोमीटर थंड व्हायला. शेवटी गाडी उभी करून पेडल दाबून धरायचं नाही, तापलेल्या डिस्कवर पॅडचा छाप पडतो. आउटर रिंग रोडवर पहाटे. मागचे पॅड पुढच्यापेक्षा फार उशिरा बसतात कारण त्यांना कामच कमी मिळतं. तीस ब्रेकनंतरही डिस्कच्या आतल्या बाजूला बोटभर पट्टा कोरा होता.

19 मे

ज्या चाचणीसाठी सगळा खटाटोप. एबीएसचा फ्यूज काढला. त्याबरोबर ईबीडीही जातं, मीटरवर दोन्ही दिवे लागतात. हेतू एकच: इलेक्ट्रॉनिक्स नसताना आधी कोणती चाकं लॉक होतात? पुढची आधी झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर शेपूट फिरतं. पुढे इंजिनाचं वजन आणि मागे हलकी असलेली गाडी लवकर फिरते.

लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं, 40 किमी वेग, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, गाडीत एकटा ड्रायव्हर. चारही टायरवर खडूचा पट्टा, बाहेरून मोबाइलवर स्लो मोशन.

चित्रीकरणात स्पष्ट: मागचं डावं आधी थांबलं, मग मागचं उजवं, पुढची चाकं अजून फिरताहेत. गाडी अर्ध्या गाडीएवढी आडवी झाली.

पॅडच्या कडेवर छापलेला कोड बघितला: जीजी. दुकानदाराने चांगले म्हणून दिलेले, 2,400 रुपये. या कोडात पहिलं अक्षर साधारण तापमानाचा घर्षणांक, दुसरं तापल्यावरचा. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. पुढच्या पॅडवर एफएफ आहे. मागे 0.48 धरला तर 84 चे 106 न्यूटन मीटर होतात आणि मागचा वाटा जवळपास 37 टक्के. ओल्या रस्त्यावर मागे भार आहे 29 टक्के. मागची चाकं लॉक होणारच होती. हिशेब 20 एप्रिलला मांडलेला होता, पॅड विकत घेताना कोणी उघडून बघितला नाही.

एफएफ लावले तरी 31 टक्के, म्हणजे 29 च्या वरच. ईई हवेत: घर्षणांक 0.33 धरून 73 न्यूटन मीटर, वाटा 28 टक्के.

ईबीडी आहे की, मग काहून एवढी चिंता, असं विचारणारे भेटतात. ईबीडी सेन्सरवर चालतं, आणि सेन्सरची वायर मागच्या चाकाजवळच तुटते. दिवा लागलेल्या अवस्थेतही गाडी सरळ थांबली पाहिजे.

26 मे

ईई पॅड, 1,700 रुपये. जीजीचा थर डिस्कवर बसलेला असतो, नवे पॅड त्यावर नीट बसत नाहीत. डिस्क 120 नंबरच्या पेपरने आडवी-तिडवी घासून धुतली. परत तीस ब्रेक.

फ्यूज काढून तीच ओली चाचणी, सहा वेळा. सहाही वेळा पुढचं चाक आधी. मागे एक मोठा माणूस आणि डिक्कीत 40 किलो ठेवूनही पुढचं आधी. फ्यूज परत लावला, दिवे गेले.

1 जून

कोरडा रस्ता, 60 ते 0: 17.1, 17.3, 17.0, 17.0, 17.1. सरासरी 17.1. धड ड्रमच्या 17.2 समोर हा फरक मोजणीच्या चुकीतच बुडतो.

ताप चाचणी, 80 ते 20, दहा ब्रेक: डिस्क 185 अंश, पेडल जागच्या जागी. दहावा ब्रेक पहिल्यासारखा लागतो. इथे ड्रमपेक्षा फरक स्पष्ट आहे. गंमत अशी की ताकदीच्या बाबतीत ही डिस्क मुद्दाम कमी घर्षणाचे पॅड घालून जवळपास ड्रमच्या पातळीवर आणून ठेवलेली आहे.

हँडब्रेक वाडीतल्या एका गोदामाच्या रॅम्पवर बघितला. पाणनळीने उतार मोजला, मीटरला 20 सेंमी, म्हणजे 20 टक्के. आंतरराष्ट्रीय नियमावलीत पार्किंग ब्रेकला हाच उतार धरतात. तोंड वर करून सहाव्या टकटकीला धरतो, तोंड खाली करूनही. ड्रम चौथ्याला धरत होता. ड्रममधला शू स्वतःला ओढून घेतो, डिस्कमध्ये ती सोय नाही. तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक लावून गाडी उतारावर सोडू नये. डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली पडते. गियर घालून ठेवावा.

हिशेब: सेट 14,000, डिस्क 5,200, पॅड दोनदा मिळून 4,100, होज 1,800, केबल 3,600, हब 7,600, सील 1,100, ऑइल 650, बोल्ट-वॉशर 900. एकूण 38,950, मजुरी सोडून. ड्रमची दुरुस्ती 8,100 मध्ये झाली होती. शहरातच फिरणाऱ्या गाडीला तेवढं पुरे.

विमा कंपनीला बदलाचं लेखी कळवलं, पोच घेतली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरणाऱ्या बदलांबद्दल आहे. ब्रेकचा प्रकार आरसीवर छापलेला नसतो, पण अपघातानंतर सर्व्हेअरने विचारलं तर कागद हाताशी असावा.

14 जुलै

पाऊस लागून महिना झाला. गाडी चार दिवस उभी होती, मागच्या डिस्कवर नारिंगी थर. पुढच्या डिस्कचा असा गंज पहिल्या दोन ब्रेकमध्ये निघतो, मागच्याला आठ-दहा लागले. हलक्या पायाने चालवणाऱ्याच्या मागच्या डिस्क याच कारणाने झिजून नाही, गंजून जातात. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही असं बघून, 70 वरून तीन-चार दमदार ब्रेक मारायचे. रात्री पावसात भिजलेली गाडी हँडब्रेकवर ठेवायची नाही, पॅड डिस्कला चिकटतात.

11 ऑगस्ट

2,400 किमी. चाकं काढून तपासणी. उजवीकडे आतला आणि बाहेरचा पॅड सारखे. डावीकडे आतला 0.6 मिमीने जास्त झिजलेला. पिस्टन आतल्या बाजूला असतो. कॅलिपर सरकला नाही तर आतला पॅडच सगळं काम करतो. खालची गाइड पिन हाताने फिरते पण सरकत नाही. तिच्या रबरी बूटची कड खोबणीत बसलेली नव्हती, तिथून चिखलाचं पाणी आत. पिन साफ, नवा बूट, सिलिकॉन ग्रीस, बूट बसल्यावर आतली हवा बोटाने दाबून बाहेर. नाहीतर फुगलेला बूट पिनला परत ढकलतो.

डिस्कची जाडी दोन्हीकडे 8.9 ते 9.0, मर्यादा 7.0. उजवीचं डोलणं अजून 0.03. हँडब्रेकचे दोन्ही लिव्हर स्टॉपवर टेकतात. डाव्या पिनची पुढची तपासणी 500 किमीवर, बाकीची 5,000 वर.